अर्ध्या तासाचं भांडण

नगरला आमच्या खात्याचं प्रशिक्षण होतं. त्यात वेळेचं नियोजन शिकवायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, कॉलरला अडकवलेला माइक, आणि बोलताना सारखं हसणं. त्यांनी आम्हा सगळ्या जनावरांच्या डॉक्टरांना एकेक कागद आणि रंगीत पेनं वाटली. कागदावर दिवसाचे चौकोन आखलेले होते. एका चौकोनात एकच काम लिहायचं, त्याला रंग द्यायचा आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. याला टाइम ब्लॉकिंग म्हणतात, असं ते म्हणाले. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, कुणी मध्ये आलं तर हसून नाही म्हणा.

मी शेवगाव तालुक्यातल्या एका गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर आहे. ते गृहस्थ बोलत असतानाच माझा फोन वाजला. एका वस्तीवर गाय अडली होती. वासराचा एक पाय बाहेर आला होता आणि दुसरा सापडत नव्हता. मी मान खाली घालून हळू आवाजात त्या शेतकऱ्याला सांगत होते, की ओढाओढी करू नका, शेजारच्या गावच्या डॉक्टरांना मी आत्ताच फोन करते. व्याख्याते थांबले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, मॅडमनी आपला पहिला ब्लॉक आत्ताच दुसऱ्याला देऊन टाकला."

हॉल हसला. पुण्याच्या माणसाला अडलेली गाय ठाऊक नसेल, ते मी समजू शकत होते. पण हसणाऱ्यांतल्या प्रत्येकाने खांद्यापर्यंत हात घालून वासरं फिरवलेली होती. मी उठून बाहेर गेले, व्हरांड्यात उभी राहून फोन पुरा केला आणि परत येऊन बसले ती दिवसभर कुणाशी बोलले नाही.

तरी तो कागद मी टाकला नाही. घडी करून पर्समध्ये ठेवला, कारण त्याच आठवड्यात मला एका चौकोनाची फार गरज पडली होती.

माझी मुलगी दुसरीत होती. बोलताना अडखळायची. लहानपणी ते गोड वाटायचं. पाहुणे मुद्दाम तिला बोलायला लावायचे आणि हसायचे. शाळेत गेल्यावर गोड राहिलं नाही. वर्गात बाई तिला वाचायला उभं करेनाशा झाल्या, वेळ जातो म्हणून. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्यांनी वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावून पाहिलं. नवरा म्हणायचा, मोठी झाली की जाईल. शेवटी मी एकटीच रजा टाकून तिला नगरला स्पीच थेरपिस्टकडे घेऊन गेले. ती एक तरुण मुलगी होती, माझ्यापेक्षा बरीच लहान. तिने माझ्या पोरीशी बराच वेळ नुसत्या गप्पा मारल्या आणि मग तिला बाहेर खेळायला बसवून मला म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे सगळे फार घाईत असतात का?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तिचं सांगणं सोपं होतं. रोज अर्धा तास, शक्यतो ठरलेल्या वेळी, घरातल्या एका मोठ्या माणसाने तिच्यासमोर बसायचं. फोन नाही, टीव्ही नाही. तिला हळू वाचू द्यायचं, हळू बोलू द्यायचं, आपणही हळू बोलायचं. ती अडली तर शब्द आपण पुरा करायचा नाही. थांबायचं. झोपेच्या वेळी नको, तेव्हा पोर दमलेलं असतं. "तुम्हाला घाई नाही, हे तिला कळलं पाहिजे," ती म्हणाली. "तोंडाने सांगून ते मुलांना कळत नाही."

मी संध्याकाळी सहा ते साडेसहाचा चौकोन निवडला. दवाखाना तोवर बंद झालेला असतो, स्वयंपाकाला अजून अवकाश असतो, पोरगी खेळून आलेली असते. तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि तो एक चौकोन हिरव्या पेनाने भरला. बाकीच्या दिवसाचं मला काही नको होतं. सकाळी उठल्यापासूनचा सगळा वेळ ज्याला हवा त्याने घ्यावा, असंच चाललं होतं, तसंच चालू दे. हा एवढा हिरवा चौकोन माझा. घरातल्या सगळ्यांना दाखवला. नवरा म्हणाला, "छान आहे." आत्या चष्मा काढून जवळ गेल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, "भाकरी कवा टाकायच्या मंग?"

पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. तिने मराठीच्या पुस्तकातला धडा काढला. तिसऱ्या ओळीपाशी फोन वाजला. मी तो आतल्या खोलीत ठेवला होता, पण आवाज बंद केला नव्हता. मी उठले नाही. तो वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. पोरगी दाराकडे बघत राहिली. मग बाहेरून हाक आली, "मॅडम हायत का घरी?"

म्हैस पोट फुगून पडली होती. मी गेले. पोट फुगलेलं जनावर थांबत नाही.

तो हिरवा चौकोन आमच्या घरात कुणालाच दिसत नव्हता, हे पुढच्या काही आठवड्यांत मला कळत गेलं. फ्रिजवर तो ठसठशीत होता. दूध काढायला फ्रिज उघडणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोर उभा राहायचा. पण माझा वेळ ही काही वस्तू आहे आणि ती घेताना विचारावं लागतं, असं कुणाला वाटतच नव्हतं. म्हैस पडली तर मी जाणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते माझं काम आहे. पण लसीकरणाच्या मोहिमेत दिवसभर गोठ्यागोठ्यातून जनावरांच्या कानांत बिल्ले मारून आल्यावर त्याच संध्याकाळी फोटो अपलोड केले नाहीत म्हणून खात्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझं नाव लाल अक्षरांत यायचं, ते काम नव्हतं. जिल्ह्याचे साहेब दिवसभर स्वतःच्या मीटिंगांत असायचे आणि आमची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, लावायचे संध्याकाळी, नेमकी सहाला. त्यात बोलायचे एकटे तेच. आम्ही आपापल्या घरी मोबाईलसमोर मान हलवत बसायचो. नवऱ्याचे मित्र यायचे, तेव्हा तो बैठकीतून आवाज द्यायचा, "अगं, चहा टाक ना जरा." मी पोरीसमोर बसलेली त्याला तिथूनच दिसत असायची.

तो हायस्कूलवर शिक्षक आहे. पाचला घरी येतो. चहा घेतो, थोडा पडतो, मग चौकात जातो. चौकात जाणं हे त्याच्या दिवसातलं ठरलेलं काम आहे आणि त्यात कधी कुणी अडथळा आणलेला मी पाहिला नाही. त्याला ते टिकवण्यासाठी रंगीत पेन लागलं नाही.

पोरीचं अडखळणं कमी व्हायच्याऐवजी वाढलं. मी खुर्चीवर बसायची, पण माझा कान बाहेर असायचा. गाडी थांबल्याचा आवाज आला की माझी पाठ ताठ व्हायची. लेकरांना हे दिसतं. एके दिवशी माझ्यासमोर बसल्या बसल्या तिने पुस्तक उघडायच्या आधीच विचारलं, "मम्मी, प-प-पटकन बोलू का? मग तू जा."

मी म्हणाले, "नाही गं, मला कुठं जायचंय?"

तेवढ्यात आतल्या खोलीत फोन थरथरला. मी हलले नाही. पण तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खोटं बोलताना सापडले होते.

मग एका गायीची गोष्ट घडली.

त्या दिवशी मी वेळेत घरी आले होते. हात-पाय धुतले, फोन पूर्ण बंद केला आणि आत्यांना सांगितलं की कुणी आलं तर थांबवा. पोरगी नुकती कुठे एक परिच्छेद न घाबरता वाचायला लागली होती. अडायची, थांबायची, पुन्हा त्याच अक्षराला हात घालायची. मला तिचं ते धैर्य बघत बसावंसं वाटत होतं. तेवढ्यात नवरा दारात आला. त्याच्या मागे तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा माणूस. नवऱ्याची शाळा ज्या संस्थेची आहे, तिच्यात त्या पुढाऱ्याचा शब्द चालतो.

"साहेबांची गाय बघायचीय," नवरा म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे. गाडी आणलीय त्यांनी."

मी विचारलं, गायीला काय झालंय? त्या माणसाने नीट सांगितलं नाही. तुम्ही चला तर, म्हणाला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात विनंती होती आणि दारात परका माणूस उभा असताना तू मला नाही म्हणणार नाहीस, ही खात्रीही होती. मी उठले. 

गायीला काही झालं नव्हतं. धुतलेली, शिंगांना तेल लावलेली ठणठणीत गाय होती. तिला कुठल्याशा कृषी प्रदर्शनात न्यायचं होतं आणि त्यासाठी आरोग्याचा दाखला हवा होता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात मिळाला असता. साहेब फोनवर बोलत होते, म्हणून मला अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवलं. चहा आला. मग आणखी कुणीतरी भेटायला आलं आणि साहेब त्याच्याशी बोलू लागले. ते मोकळे होईपर्यंत अंधार पडला. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, तुमचे मिस्टर फार चांगला माणूस आहे. शब्द टाकला की काम होतं."

मी घरी आले, तर पोरगी अजून तिथेच होती. मी बसायची ती खुर्ची तिने ओढून स्वतःच्या अगदी जवळ घेतली होती, आणि त्या रिकाम्या खुर्चीला ती धडा वाचून दाखवत होती. भराभरा, अडखळत, श्वास न घेता. मला बघून तिने पुस्तक मिटलं.

"मी संपवलं," ती म्हणाली. "आता तुला ब-बसायला नको."

मी स्वयंपाकघरात गेले. परातीत पीठ काढलं, पाणी घातलं, आणि माझ्याच्याने ते मळवेना. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. नोकरीत लोकांनी काय काय ऐकवलं होतं. बाई काय गाय बघणार, म्हणून माझ्या तोंडावर पुरुष डॉक्टरला फोन लावला होता. तेव्हाही असा आला नव्हता.

नवरा चौकातून आला. चप्पल काढता काढता त्याने विचारलं, "काय म्हणाले साहेब? चहा घेतला ना?"

"घेतला," मी म्हणाले. "तुमच्या साहेबांची गाय धडधाकट आहे. इथं तुमची मुलगी रिकाम्या खुर्चीला धडा वाचून दाखवत होती."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही मी काय म्हणते ते. मग तो म्हणाला, "अगं, पाच मिनिटांचं काम होतं. संबंध ठेवावे लागतात."

"संबंध तुमचे. पाच मिनिटं कुणाची?"

"तुझी नोकरीच तशी आहे, त्याला मी काय करू?"

"माझ्या नोकरीनं आज मला बोलावलं नव्हतं. तुम्ही पाठवलं. दारात माणूस उभा करून पाठवलं, म्हणजे मला नाही म्हणता येऊ नये."

आत्या बाहेर आल्या. त्या कारखान्याच्या रोपवाटिकेत रोजाने जायच्या, त्यावर त्यांनी पोरं शिकवली. त्या म्हणाल्या, "येवढ्याशा गोष्टीवरून येवढा आवाज? आमी न्हाई का केलं? पोरं झोळीत टाकून खुरपत हुतो. कुनाला कागद चिटकवला न्हाई."

एरवी मी त्यांना उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "केलंत, आत्या. पण तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का, की जमतंय का?"

त्या मान वळवून आत गेल्या.

मी नवऱ्याला सांगितलं, की उद्यापासून आठवड्यातले तीन दिवस पोरीसमोर तुम्ही बसायचं. तो म्हणाला, मला ते जमत नाही, त्या बाईंनी तुला शिकवलंय. मी म्हणाले, तुम्ही वर्गभर पोरांना शिकवता, एकीसमोर गप्प बसायला काय शिकायचंय? तो म्हणाला, मी दिवसभर बोलून दमतो. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. जेवणं झाली नाहीत. त्या परातीतलं पीठ तसंच राहिलं.

पुढे आमच्या घरात अबोला होता. पण मी त्या अबोल्यात एक काम केलं. फ्रिजवरचा तो कागद काढून टाकला आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठे चौकोन आखले. या वेळी माझा एकटीचा दिवस आखला नाही. माझा, नवऱ्याचा आणि आत्यांचा, तिघांचे आठवड्याचे दिवस शेजारी शेजारी. नवऱ्याच्या रांगेत मी काहीच लिहिलं नाही. तो जेवायला बसला तेव्हा कागद आणि पेन त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, तुमचं तुम्ही लिहा.

त्याने आधी दुर्लक्ष केलं. मग लिहिलं. शाळा, तपासायच्या वह्या, बाजार. पाचनंतरच्या चौकोनांत त्याला लिहायला काही सापडेना. "चौक" असं लिहायची त्याला लाज वाटली असावी. पेन हातात धरून तो बराच वेळ बसला. माझ्या रांगेत रिकामा चौकोन नव्हताच. शेवटी सोमवार, बुधवार, शुक्रवार या तीन दिवसांत त्याने सहाच्या चौकोनात मुलीचं नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "बस?" म्हणाला. त्या "बस"चाही मला राग आला. जणू काही मला दान दिलं.

व्हीसीचं मात्र मला एकटीलाच निस्तरायचं होतं. मी जिल्ह्याच्या साहेबांना फोन करून खरं ते सांगितलं. मुलीचे उपचार चालू आहेत, मंगळवारी आणि गुरुवारी सहा ते साडेसहा मी फोनवर नसेन. जनावर अत्यवस्थ असेल तर निघेन, बैठक असेल तर नाही. साहेब म्हणाले, घर सगळ्यांनाच असतं, मॅडम. दोन बैठकांना मी नव्हते, तर मला कारणे दाखवा नोटीस आली. शेजारच्या दवाखान्यातला डॉक्टर मला म्हणाला, "तू खरं कशाला सांगितलंस? आम्ही सगळे नेटवर्क नाही म्हणून सांगतो आणि कॅमेरा बंद करून जेवतो." तो चांगला माणूस आहे, बैठकीत काय झालं ते मला नंतर सांगायचा. पण त्याचं ते वाक्य मला नोटिशीपेक्षा जास्त झोंबलं. खोटं बोलणाऱ्यांचं सगळं सुरळीत होतं. लेकरासाठी वेळ पाहिजे, असं उघड म्हटलं की खुलासा द्यावा लागत होता. मी खुलासा दिला. कार्यालयीन वेळ संपल्यानंतरची ती बैठक होती, आणि त्या वेळात आलेलं एकही जनावर मी परत पाठवलेलं नाही, एवढंच लिहिलं. त्यावर पुढे काही आलं नाही. व्हीसीची वेळही बदलली नाही. मी नसते, एवढं मात्र त्यांनी धरून चालायला सुरुवात केली.

नवरा बसायला लागला तेव्हा वाईट बसायचा. त्याला थांबता येत नव्हतं. पोरगी "क" वर अडली की तो "कमळ, कमळ" म्हणून मोकळा व्हायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि लाटणं घट्ट धरून उभी राहायची. मध्ये गेले असते तर तो म्हणाला असता, मग तूच बस. एकदा पोरगीच त्याला म्हणाली, "पप्पा, तुम्ही थ-थांबा. तो शब्द माझा आहे." मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. नंतर मी पाहिलं, तो ओठ दाबून, मांडीवर हात ठेवून बसायला लागला होता. एका शब्दासाठी इतकं थांबणं त्याला जड जात होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "किती त्रास होतो गं तिला." मी म्हणाले, "हो. वर्षानुवर्षं होतोय." यापेक्षा मऊ बोलणं मला त्या दिवशी जमलं नाही.

आत्यांच्या रांगेत मी काही लिहिलं नव्हतं, आणि त्यांनीही लिहिलं नाही. पण एका संध्याकाळी मी पोरीसमोर बसले असताना बाहेर कुणीतरी विचारलेलं ऐकलं आणि पाठोपाठ आत्यांचा आवाज. "डाक्टरीण न्हाई घरात. जनावर पडलंय का? न्हाई ना? मंग बस हितं, न्हाईतर सकाळी दवाखान्यात जा." पाहिलं तर त्यांनी दारातच स्टूल टाकलं होतं आणि त्यावर बसून त्या शेंगा फोडत होत्या. पौर्णिमेला विहारात जायचं असतं तेवढी संध्याकाळ सोडून त्या दिवसापासून त्या रोज तिथे बसतात.  

एकदा मात्र त्यांनी स्वतःच मला उठवलं. "जा," म्हणाल्या, "गाय अडलीय, मानूस रडतोय." मंगळवार होता, माझा दिवस. मी पोरीला सांगितलं, की एका गायीचं वासरू आत अडकलंय, मला जावं लागेल, आणि आज पटकन वाचायचं नाही, मी येईपर्यंत पुस्तक मिटून ठेवायचं. नवरा चौकात निघाला होता, तो चप्पल काढून परत आत आला.

वासरू आडवं होतं आणि उशीर झालेला होता. गाय वाचली, वासरू नाही. मी परत आले तेव्हा अंगाला वास येत होता, हातांना वळ होते. आंघोळीला जाण्याआधी मी पायरीवर टेकले. पोरगी येऊन शेजारी बसली. बराच वेळ एक शब्द तिच्या तोंडात अडलेला होता. मी थांबले. मला खरंच कुठे जायचं नव्हतं, उठायचीही ताकद नव्हती.

"व-वासरू जगलं?" तिने विचारलं.

"नाही गं."

तिने विचार केला. मग पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा अडली. तोच तो "ग" होता, ज्याच्यावर ती नेहमी अडायची. मी अंगणाकडे बघत राहिले. "मग ती ग... गाय आता काय करत असेल?"

मी सांगितलं. ती वासराला चाटायला बघत होती, मग तिला पाणी पाजलं, गूळ दिला, तिची मालकीण तिच्या गळ्यात हात टाकून बसली होती. पोरीने खूप प्रश्न विचारले. एकही घाईने विचारला नाही. पुस्तक त्या दिवशी उघडलंच नाही.

आता ती तिसरीत आहे. अडखळणं गेलेलं नाही. दमली की वाढतं, पाहुणे आले की वाढतं. पण ती बोलणं टाळत नाही आणि शब्द टाकून देत नाही. आमचे पाच दिवस बहुतेक वेळा पाळले जातात. शनिवार-रविवार आम्ही आखलेच नाहीत.

मध्यंतरी तिच्या शाळेत पालकांची बैठक होती. आम्ही दोघंही गेलो. वर्गातल्या बाई म्हणाल्या, आता ती वाचायला हात वर करते. मला रडू येईल असं वाटलं. पण त्या नवऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही रोज तिला घेऊन बसता म्हणे. तुमच्यासारखे वडील बघायला मिळत नाहीत हो." शेजारच्या दोन आयांनी मान हलवली. एक माझ्याकडे बघून म्हणाली, "नशीबवान आहात, मदत करतात मिस्टर."

मदत. नवरा हसला, जरा लाजल्यासारखं, आणि हात जोडले.

मोटारसायकलवर पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये बसली आणि बाजारपेठ ओलांडायच्या आत आमचं भांडण सुरू झालं. मी त्याला विचारलं, तुम्ही तीन दिवस बसता, मी काय करते ते सांगायला तुमची जीभ का उचलली नाही? तो म्हणाला, "मग मी काय म्हणायला पाहिजे होतं?"

"काहीही म्हणा. गप्प बसून हसायचं नव्हतं."

"तू सगळ्यातच वाकडं काढतेस. मी बसतो ते तुला पुरत नाही का?"

"तुम्ही बसता ती तुमची मुलगी आहे म्हणून. ती मदत नाही."

तो काहीतरी बोलणार होता, आणि माझंही पुढचं वाक्य तयार होतं. पण मधून पोरीने "म" म्हटलं आणि ती अडली. आम्ही दोघं एकदम थांबलो. ती बोलायला लागली की दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, हा आता घरचा नियम आहे. त्याने गाडी हळू केली. मागून एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता, तरी त्याने ती आणखी हळू केली आणि रस्त्याच्या कडेला घेतली. तिच्या पाठीला लागून असलेल्या माझ्या हाताला तिचा श्वास कळत होता. वेळ लागला, पण शब्द तिचा तिनेच सोडवला.

"म... मला पाणीपुरी पाहिजे."

गाडा समोरच होता. आम्ही उतरलो. नवऱ्याने माझ्यासाठी तिखट सांगितली, स्वतःसाठी मध्यम, पोरीसाठी गोड. मी ती खाल्ली. राग तसाच होता, आणि घरी गेल्यावर त्याच्याशी राहिलेलं बोलणं मी पुरं केलं.